लेझरने केस काढताना कातडी का भाजते, आणि ती कशी वाचवायची

काखेत किंवा हनुवटीखाली काळसर ठसे उठले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'मला लेझर सोसला नाही.' त्याआधी ठशाचा आकार बघा. एकासारखे एक चौकोनी किंवा गोल ठसे असतील तर तो मशीनच्या कातडीला टेकणाऱ्या काचेचा आकार आहे, म्हणजे ऊर्जा जास्त झाली किंवा काच गार नव्हती. लांबट पट्टे उठले असतील तर शॉट, म्हणजे प्रकाशाचे झटके, एकावर एक पडले, नाहीतर काच सरकवता सरकवता एके ठिकाणी थांबली. चंद्रकोरीसारखे किंवा कड्यासारखे डाग गार फवारा मारणाऱ्या मशीनवर उठतात. तिथे उष्णता आणि फवारा एका जागी पडलेले नसतात, किंवा फवाऱ्यानेच कातडी गोठलेली असते. आणि केसांच्या मुळाशी फक्त लाल पुरळ असेल, एक-दोन दिवसांत बसत असेल, तर ते भाजणं नव्हे. लेझर लागू पडल्याची ती खूण आहे.

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात आता स्किन क्लिनिकबरोबर पार्लरमध्येही ही मशीनं आली आहेत. मशीन विकत घेणं सोपं आहे. समोर बसलेल्या माणसाच्या कातडीप्रमाणे ते लावणं अवघड आहे, आणि भाजण्याचे बहुतेक प्रकार तिथेच घडतात.

उष्णता जाते कुठे

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात, मेलॅनिनमध्ये, शोषला जातो. तिथे त्याची उष्णता होते आणि केस उगवणारी मुळाकडची पेशी जळते. रंग बघून नेमकी तेवढीच जागा तापवायची, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ साली मांडलं. पुढची सगळी मशीनं त्यावरच चालतात.

अडचण एकच. तेच मेलॅनिन आपल्या कातडीच्या वरच्या थरातही असतं, आणि प्रकाशाला मुळापर्यंत जाताना आधी तो थर ओलांडावा लागतो. मेलॅनिन केसातलं की कातडीतलं, हे लेझरला कळत नाही. फिट्झपॅट्रिक नावाच्या मापनात कातडीचे सहा प्रकार धरतात: पहिला अगदी गोरा, सहावा अगदी काळा. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्यात बसतात. त्यामुळे गोऱ्या कातडीसाठी मशीनमध्ये आधीच भरून दिलेलं सेटिंग आपल्यावर जसंच्या तसं वापरलं, तर मुळाबरोबर वरचा थरही शिजतो.

वरचा थर वाचवण्याचे तीन उपाय आहेत: तरंगलांबी, पल्सचा वेळ (एका शॉटमध्ये प्रकाश किती वेळ पडत राहतो तो) आणि थंडावा.

तरंगलांबी जितकी जास्त, तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचा असतो. गोऱ्या कातडीवर तो झपाट्याने काम करतो, पण गव्हाळ-सावळ्या कातडीवर फार जपून वापरावा लागतो आणि काळ्या कातडीवर तो नकोच. डायोड ८०० ते ८१० नॅनोमीटरचा, मधला पर्याय. आपल्या गावांमधून हाच जास्त दिसतो. एनडी-याग १०६४ नॅनोमीटरचा. सावळ्या-काळ्या कातडीला सगळ्यात सुरक्षित हाच, पण तो जास्त दुखतो आणि बारीक लव त्याने नीट जात नाही. 'तिन्ही तरंगलांब्या एकत्र' अशी जाहिरात असलेलं मशीन असेल तर ७५५ बंद करून चालवता येतं का, हे विचारून घ्या. तुमचा रंग सावळा असेल तर त्या तिघांतला तोच तुमच्या कामाचा नाही.

आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) हा लेझरच नव्हे. साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरमधला मिश्र प्रकाश त्यातून फ्लॅशसारखा पडतो आणि पुढे लावलेला फिल्टर त्यातला थोडा अडवतो. पार्लरमध्ये 'लेझर' म्हणून पुष्कळदा हाच दाखवला जातो. गडद कातडीवर भाजण्याचा धोका याचाच जास्त. घरी वापरायच्या छोट्या मशीनही बहुतेक आयपीएलच असतात. त्यांतल्या बऱ्याच मशीनना कातडीचा रंग ओळखणारा सेन्सर असतो. त्याने शॉट नाकारला तर पोटाच्या फिकट भागावर सेन्सर फसवून मग हातावर मारायचा, हा खटाटोप करू नये.

आता पल्स. कातडीचा वरचा थर पातळ असतो, तो काही मिलीसेकंदांतच आपली उष्णता सोडून देतो. जाड केसाचं मूळ ती कितीतरी जास्त वेळ धरून ठेवतं. म्हणून तीच ऊर्जा एकदम न ओतता लांब पल्समध्ये, सावळ्या कातडीला साधारण ३० मिलीसेकंद किंवा त्याहून लांब, हळू दिली की वरचा थर मधल्या वेळात थंड होत राहतो आणि मूळ तापत जातं. आखूड पल्स आणि गडद कातडी ही जोडी भाजण्याची हमी समजा.

ज्यूलचा, म्हणजे ऊर्जेच्या मापाचा, आकडा मात्र ऐकून घेऊन जाऊ नका. 'मैत्रिणीला अठरा मारले, मला बाराच का?' या प्रश्नाला अर्थ नसतो. काचेचा आकार, पल्सचा वेळ, तरंगलांबी, कातडीचा रंग, केसांची जाडी हे सगळं बदललं की तोच आकडा वेगळं काम करतो. एकेक शॉट मारायच्या पद्धतीत ऊर्जा जास्त असते. काच सतत सरकवत चालवायच्या पद्धतीत दर शॉटला ती बरीच कमी असते, पण सेकंदाला दहा-दहा शॉट पडतात. तिथे हात एके जागी क्षणभर थांबला तरी उष्णता साठत जाते.

थंडावा म्हणजे काचेचा गारपणा. चांगल्या डायोडची नीलमाची काच गालाला लागली की बर्फाळ वाटते. मशीनच्या पोटात पाणी खेळवून ती गार ठेवलेली असते. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उकाड्यात एसी बंद, खोली तापलेली आणि मशीन सकाळपासून एकामागून एक चाललेलं असेल, तर ते पाणी गरम होत जातं. पहिल्या गिऱ्हाइकाला जे सेटिंग सोसलं, तेच दुपारी चौथ्याला फोड आणू शकतं. काच लावल्या लावल्या गार लागली नाही तर तिथेच सांगा.

रापलेल्या हातावर शॉट नको

रंग उपजत सावळा असणं आणि तो उन्हाने रापलेला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रापलेल्या कातडीत मेलॅनिन ताजं आणि वरवर साठलेलं असतं, त्यामुळे तीच ऊर्जा तिला जास्त भाजते. पारख सोपी आहे: दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू शेजारी धरून बघा. फरक ठळक दिसला तर त्या हातावर अजून लेझर नको.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत जानेवारी ते एप्रिल काढणी चालते. उसाच्या पट्ट्यात तोडणी-भरणीला दिवसभर उन्हात राबावं लागतं. सातारा-कोरेगाव किंवा विटा-सांगली रोज दुचाकीवरून ये-जा करणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत आणि मानेची मागची बाजू बारा महिने रापलेली असते. स्कार्फ तोंडाला असतो, हात उघडे असतात. अशांनी निदान तीन-चार आठवडे पूर्ण बाह्या घालून, वर सनस्क्रीन लावून, रंग उतरू द्यावा आणि मगच सिटिंग घ्यावी. काखा आणि बिकिनी भागाला हा प्रश्न नसतो, म्हणून उन्हाळ्यात सुरुवात करायचीच असेल तर तिथून करा. हात, पाय, चेहरा पावसाळ्यात घेतलेला बरा. जून ते सप्टेंबर ढगाळ असतं आणि अंगभर कपडे आपोआप घातले जातात.

लग्नाचा हिशेबही आधीच करा. सहा ते आठ सिटिंग लागतात. चेहऱ्याला मध्ये चार ते सहा आठवडे, अंगाला सहा ते आठ आठवडे ठेवावे लागतात, कारण कुठल्याही वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात आणि जो वाढीत नाही त्यावर लेझर चालत नाही. म्हणजे वैशाखातल्या लग्नासाठी आदल्या आषाढात सुरुवात हवी. महिनाभर उरलेला असताना 'पॅकेज पुरं करून टाकू' म्हणून दर दहा दिवसांनी मारून घेतलं तर केस काही जास्त जात नाहीत, कातडीला मात्र सावरायला वेळ मिळत नाही. हळदीच्या आदल्या आठवड्यात पहिलीच सिटिंग घेणं तर टाळाच. डाग उमटायचा असेल तर तो नेमका फोटोच्या दिवशी दिसेल.

जाण्याआधी

सिटिंगच्या चार ते सहा आठवडे आधीपासून वॅक्सिंग, थ्रेडिंग, एपिलेटर आणि चिमट्याने उपटणं बंद. मूळच उपटून गेलं तर लेझरला तापवायला काही उरत नाही. रेझर चालतो. आदल्या दिवशी, साधारण चोवीस तास आधी, नव्या ब्लेडने गुळगुळीत करून जा. कातडीच्या वर राहिलेला खुंट शॉटखाली जळतो, त्याचा धूर होतो आणि तो निखाऱ्यासारखा कातडीवरच चटका देतो. जळक्या केसांचा थोडा वास येणं साहजिक आहे. दर शॉटला धूर निघत असेल तर रेझर नीट फिरलेला नाही. तसेच गेलात आणि तिथे कोरड्या कातडीवर घाईने रेझर फिरवला, तर पडलेल्या ओरखड्यांवर लेझर बसतो. रेझर निदान तुमच्या समोर पाकिटातून काढलेला असावा.

अंगावर रंगाचं काहीही नको. मेकअप, काजळ, बॉडी स्प्रे, तेल, टिकलीचा गोंद, मेहंदी, उटणं. हळदीचा पिवळा थर राहिला तर कातडी लाल होते आहे की नाही हेच दिसत नाही, आणि सिटिंगमध्ये तीच एक खूण डोळ्यांना दिसणारी असते. मेहंदी असलेल्या हातावर रंग पूर्ण उतरेपर्यंत थांबा. मार्किंग करायचं असेल तर पांढऱ्या पेन्सिलीने. काळ्या-लाल पेनाची रेघ स्वतःच प्रकाश शोषते आणि रेघेच्या आकाराचा चट्टा उठतो.

गोंदणाबद्दल वेगळं सांगायला हवं. कपाळ, हनुवटी, मनगट यांवर जुनं हिरवं गोंदण असलेल्या बायका आपल्या भागात घरोघर आहेत, आणि पोरांच्या दंडावर आता काळा टॅटू असतो. शाईवर केस काढायचा शॉट पडला तर ती केसापेक्षा कितीतरी जास्त तापते. जागीच फोड येतो आणि व्रण राहू शकतो. हनुवटीवरच्या गोंदणाच्या तीन ठिपक्यांत उगवलेल्या दोन केसांसाठी लेझर नको, ते केस चिमट्याने उपटलेले चालतील. गोंदणावर ओली पांढरी पट्टी ठेवून कडेने चांगलं अंतर राखून काम करावं. काळे तीळ आणि जन्मखुणाही अशाच झाकायच्या. तीळ अलीकडे वाढला असेल, रंग बदलला असेल, तर आधी तो चर्मरोगतज्ज्ञाला दाखवा.

औषधांची यादी करून न्या. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत असत, आता डॉक्टर माणूस बघून ठरवतात. डॉक्सिसायक्लीनसारख्या, उन्हाची संवेदनशीलता वाढवणाऱ्या गोळ्याही सांगा. ट्रेटिनॉइन, अडापलीन किंवा ग्लायकॉलिक ॲसिड असलेल्या क्रीम त्या जागेवर आठवडाभर आधी थांबवतात. सर्वांत दगा देते ती 'गोरं होण्याची' ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. महिनोन्महिने लावल्याने कातडी पातळ झालेली असते. ती लावता हे लाजून लपवू नका, ते चटक्याला दिलेलं आमंत्रण ठरतं. ओठांवर जर उठण्याची, म्हणजे हर्पिसची, सवय असेल तर वरच्या ओठाच्या सिटिंगआधी डॉक्टर विषाणूविरोधी गोळी सुरू करतात. पूर्वी कापल्या-भाजल्या जागी उंच कडक व्रण, केलॉइड, वाढला असेल, कोड असेल, त्या जागी नायटा किंवा फोड असतील, तर डॉक्टरने बघितल्याशिवाय शॉट नको. गरोदरपणात हे काम पुढे ढकलतात.

मान आणि काखा मखमलीसारख्या काळ्या, जाडसर झाल्या असतील तर तो मळ नव्हे. बहुतेकदा इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, आणि पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या मुलींमध्ये ती पुष्कळदा दिसते. तिथे मेलॅनिन जास्त असल्याने बाकी अंगाचं सेटिंग काखेला चालत नाही, ते खाली आणावं लागतं. पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस अशी जोडी असेल तर आधी रक्त तपासा. नाहीतर लेझर केस काढत राहील आणि हार्मोनमुळे नवे उगवत राहतील.

पांढऱ्या, सोनेरी, लालसर केसांवर लेझर चालत नाही, कारण तापायला रंगच नाही. 'जरा वाढवून बघू' म्हणत ज्यूल चढवले तर केस जागेवर राहतात आणि कातडी भाजते. गालावरची बारीक लवही सोडून द्यावी. चेहरा आणि मानेवर लेझरच्या कमी उष्णतेने कधीकधी लव उलट जाड-काळी होऊन वाढते. हार्मोनचा त्रास असलेल्यांत हे जास्त दिसतं.

पॅच टेस्ट

पॅच टेस्टशिवाय पहिली सिटिंग घेऊ नका, भले फुकट देत असोत. ज्या भागावर काम करायचं त्याच्याच आडोशाला, म्हणजे चेहऱ्यासाठी जबड्याखाली, हातासाठी कोपराच्या आत, तीन-चार शॉट वाढत्या ऊर्जेने मारायचे. पाच-दहा मिनिटांत केसाच्या मुळाभोवती बारीक लाल फुगवटा आला तर ऊर्जा पुरेशी आहे. कातडी राखाडी किंवा पांढुरकी पडली, नाहीतर बोटाने हलकं सरकवल्यावर वरचा पापुद्रा सुटला, तर ती भाजली आहे. बहुतेक ठिकाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबतात. फोड कळायला तेवढं पुरतं, पण सावळ्या कातडीवर काळा डाग उशिरा उठतो, म्हणून जमेल तर दोन आठवडे बघा. मशीन बदललं, क्लिनिक बदललं, किंवा मधल्या काळात तुम्ही रापलात, तर टेस्ट पुन्हा घ्या.

खोलीत बसल्यावर

डोळ्यांवर गॉगल आधी. तो त्याच तरंगलांबीचा हवा, उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांवरही हवा. त्याला नसेल तर बाकीचे नियमही तिथे कसे पाळत असतील याचा अंदाज येतो. भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेझर मारू देऊ नका. पापणी बंद असली तरी प्रकाश आत जातो, आणि बुबुळाला इजा, आतली सूज, मोतीबिंदू असे प्रकार यातून नोंदले गेले आहेत. भुवयांना आकार द्यायचा तर दोरा आहेच. वरच्या ओठाला शॉट मारताना ओठ आणि दात यांच्यामध्ये ओलं गॉज ठेवलं तर कळ दातात जात नाही.

जेलचा थर पातळ, सलग आणि पारदर्शक असावा. मग बघायची ती काच. काही शॉटनंतर तिच्यावर जळक्या केसांचा काळा कीट धरतो. पुढचा शॉट आधी त्या कीटाला तापवतो आणि तापलेली काच थेट कातडीला टेकते. दर काही शॉटनंतर ओल्या गॉजने काच पुसली गेली पाहिजे. पाठीवर किंवा पायावर काम चालू असेल तर तुम्हाला ती दिसणार नाही, म्हणून सरळ सांगा, 'ताई, काच पुसून घ्या.' एवढ्या एका वाक्याने बरेच चटके टळतात. काच सपाट टेकलेली हवी. नडगी, घोटा, जबड्याची कड अशा हाडाच्या जागी ती तिरकी लागते, एका कडेला थंडावा पोचत नाही, आणि नेमकी ती कड भाजते.

दुखणं किती? रबरबँड फटकन बसल्यासारखा चटका, लगेच ओसरणारा, एवढं ठीक. शॉटनंतर आग तशीच राहिली, वाढत गेली, किंवा मागच्या शॉटपेक्षा हा अचानक वेगळा लागला, तर 'थांबा' म्हणा. दुखण्यावर दात-ओठ खाऊन बसायचं काम नाही, कातडी दुखण्यातूनच बोलते. थांबल्यावर जेल पुसून जागा बघायची, काच बघायची, सेटिंग खाली आणायचं. 'सवय होईल' असं उत्तर मिळालं तर त्या दिवसापुरतं उठा.

सुन्न करणारी क्रीम म्हणूनच दुधारी असते. ती दुखणं मारते, म्हणजे चटक्याची सूचनाही मारते. त्यात लिडोकेन-प्रिलोकेन असतं आणि ते रक्तात जातं. मोठ्या भागावर जाड थर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं तर फार जातं; त्याने झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटू शकते. लेझरआधी पायांना अशी जहाल क्रीम चोपडून गुंडाळलेल्या दोन तरुणींच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली जाहीर इशारा दिला होता. वरचा ओठ, काख एवढ्यापुरती, डॉक्टरने सांगितली तितकीच लावावी. दोन्ही पायांना घरून लावून, वर क्लिंग फिल्म गुंडाळून बसने निघणं, हे कधीच नको.

चटका बसलाच तर

पहिली वीस मिनिटं मोलाची. जागेवर साधं गार वाहतं पाणी धरा, पूर्ण वीस मिनिटं. तीन तासांपर्यंत केलं तरी उपयोग होतो. उन्हाळ्यात दुपारी स्लॅबवरच्या टाकीचं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं. ते वापरू नका. बोअरचं किंवा माठातलं पाणी घ्या, सुती फडकं त्यात भिजवून ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. बर्फ थेट लावू नका, भाजलेली कातडी त्याने गोठून आणखी मरते. टूथपेस्ट, हळद, तूप, निळी शाई, बटाट्याच्या चकत्या यांतलं काही लावायचं नाही. उष्णता आत कोंडते, जंतू जातात, आणि वर रंग चढल्याने डॉक्टरला जखम किती खोल आहे ते कळत नाही.

मग साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर न चिकटणारं गॉज. मेडिकलमध्ये पॅराफिन गॉज मागा. फोड फोडू नका, वरचा पापुद्रा हीच उत्तम पट्टी असते. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने हलक्या हाताने धुऊन पुन्हा जेली आणि गॉज. खपली काढायची नाही. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. सौम्य स्टेरॉइड क्रीम सुरुवातीला दोन-तीन दिवस देतात, त्याने सूज आणि पुढचा काळा डाग कमी होऊ शकतो, पण ती डॉक्टरने बघून दिलेली हवी. घरातली जुनी ट्यूब नव्हे.

चेहऱ्यावर, डोळ्याजवळ किंवा गुप्तांगाजवळ फोड, तळहाताएवढी भाजलेली जागा, पांढरी-बधिर पडलेली कातडी, पू, पसरत जाणारी लाली, ताप, यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सिटिंगनंतर डोळा दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसलं, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराडचं कृष्णा हॉस्पिटल या मोठ्या ठिकाणी जाता येतं. जिथे लेझर घेतला त्याच क्लिनिकमध्ये परत जाऊन 'काही नाही, होतं असं' ऐकून घरी बसू नका.

खपली पडल्यावर एक ते तीन आठवड्यांत डाग गडद होतो. घाबरायला होतं, पण भाजल्यानंतर रंग चढणं हे सावळ्या कातडीचं नेहमीचं वागणं आहे. तो उतरायला महिने लागतात. खोल गेलेला असेल तर वर्षही. या काळात ऊन हाच शत्रू. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, दर दोन-तीन तासांनी. डाग घासून जात नाही. स्क्रब, ब्लीच, लिंबू यांनी तो चिडून आणखी काळा होतो. पूर्ण भरून आल्यावर डॉक्टर अझेलाइक ॲसिड किंवा मर्यादित काळ हायड्रोक्विनोन देतात. पांढुरका डाग पडला असेल तर तो काळ्यापेक्षाही सावकाश भरतो.

कागद

पहिल्याच दिवसापासून नोंद मागा: मशीनचा प्रकार, तरंगलांबी, काचेचा आकार, ज्यूल, पल्सचे मिलीसेकंद, तारीख, मारणाऱ्याचं नाव. प्रत्येक सिटिंगच्या आधीचे आणि नंतरचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर, एकाच खिडकीच्या उजेडात काढा. डॉक्टरची पदवी त्वचेची आहे ना बघा: एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असावा लागतो. मशीन मदतनीसच चालवणार असेल तर डॉक्टर त्या वेळी इमारतीत आहेत का, की नुसती पाटी आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा.

डॉक्टरकडे तुमचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायची जबाबदारी त्यांच्यावर असते. पैसे भरून घेतलेली सेवा चुकीची झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सातारा आणि सांगली दोन्हीकडे तो आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक मराठीतही चालतो. पॅकेजचे उरलेले पैसे परत मागताना 'फुकट सिटिंग देतो, सही करा' असं म्हणाले तर सही करण्याआधी कागद वाचा; त्यात पुढची तक्रार सोडून दिल्याचं वाक्य असू शकतं.

भाजलेल्या जागेवर पुढचा शॉट डाग पूर्ण उतरून कातडी आजूबाजूच्या रंगाची झाल्यावरच, नव्या पॅच टेस्टने आणि शक्यतो १०६४ नॅनोमीटरवर. तोपर्यंत त्या जागेचे केस रेझरने काढा.